चोवीस भोकांचा डबा

माहितीपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस प्रत्येक सोसायटीत एखादाच असतो आणि तो सापडला की त्याला सेक्रेटरी करतात. मी सापडलो तो लिफ्टमध्ये. ‘सहा व्यक्ती, ४०८ किलो’ ही पाटी आमच्या लिफ्टमध्ये पहिल्यापासून आहे. मी ती नुसती वाचली नाही, तर सहाने भागली आणि भर सभेत सांगितलं, की माणशी ६८ किलो पडतात आणि समोर बसलेल्या एकाही पदाधिकाऱ्याला हे गणित लागू होत नाही. हशा झाला, टाळ्या झाल्या आणि टाळ्या थांबायच्या आत अध्यक्षांनी माझं नाव सुचवलं. अनुमोदनही त्यांनीच दिलं. तेव्हापासून सोसायटीत येणारा प्रत्येक छापील इंग्रजी कागद माझ्याकडे येतो. पंपाचं वॉरंटी कार्ड येतं, आग विझवायच्या सिलिंडरवरची चिठ्ठी येते, एकदा तर कुणाच्या तरी नातीचं स्पेलिंगच्या स्पर्धेचं प्रमाणपत्रही ‘जरा बघा हो खरं आहे का’ म्हणून आलं होतं.

त्याच ओघात ‘२४ पोर्ट मॅनेज्ड पीओई स्विच’ नावाच्या वस्तूचं पत्रक आलं.

ही वस्तू आमच्याकडे यायचं मूळ कारण जास्वंद. सी विंगच्या मागच्या कुंपणाला लागून तिथल्याच एका काकूंनी जास्वंदी लावल्या आहेत. पहाटे कळी नीट उमलायच्या आत कुणीतरी ती खुडून नेतं. मध्यंतरी एका सायकलची सीटही गेली, दोन-चार चपला गेल्या, पण त्याचं कुणाला एवढं वाटलं नाही. काकूंचं म्हणणं, “चोरी केली याचा राग नाही हो. पूजेसाठी चोरतो, म्हणजे माणूस देवभक्त आहे, याचा राग येतो.” विषय वार्षिक सभेत आला. सभा रीतसर कोरमअभावी अर्धा तास तहकूब झाली आणि अर्ध्या तासाने त्याच खुर्च्यांवर तेवढ्याच माणसांत रीतसर सुरू झाली. कॅमेरे बसवायचं पाच मिनिटांत ठरलं. आधी आठ ठरले होते. मग ज्याच्या त्याच्या गाडीसमोर एकेक असं करत बावीस झाले. त्यातला जास्वंदीसमोरचा एकच, तोही काकूंनी उभं राहून मागितला म्हणून. उरलेली सभा बटाटेवड्याच्या चटणीवर झाली.

कॅमेरेवाला पोरगा हुशार होता. आल्या आल्या म्हणाला, “सर, साधं काम केलं तर बावीस अडॅप्टर, बावीस सॉकेट आणि पावसात बावीस कंप्लेंटी. त्यापेक्षा पीओई घ्या. एकाच नेटवर्कच्या केबलीतून डेटा पण जातो, पॉवर पण जाते. खाली स्विचला एक यूपीएस लावला, की लाइट गेली तरी कॅमेरा चालू.”

“एकाच वायरीतून चित्र पण आणि करंट पण?” काकू म्हणाल्या. “आणि मी दांडीवर कपडे वाळत घालताना हात लागला तर?”

आता पत्रक मी वाचलं होतं, त्यामुळे उत्तर देणं मला भाग होतं. पीओईची, म्हणजे पॉवर ओव्हर इथरनेटची, ही एक गोष्ट मला मनापासून आवडली आहे. केबल खोचली की स्विच लगेच वीज सोडत नाही. आधी दहा व्होल्टच्या आतला जरासा दाब देऊन चाचपून बघतो. पलीकडच्या यंत्रात, यंत्र खरोखर पीओईचं असेल तर, २५ किलोओहमचा एक रोध बसवलेला असतो. तो सापडला की याला खात्री पटते, हा आपल्यातला. मग तो विचारतो, तुला लागेल किती. या भुकेचेही क्लास ठरलेले आहेत. एवढी चौकशी झाल्यावर ४८ व्होल्टच्या आसपास वीज सुरू होते आणि केबल उपसली की बंद. उद्या कुणी त्याच भोकात साध्या लॅपटॉपची वायर घातली, तर डेटा जाईल, वीज जाणार नाही.

“म्हणजे ओळख पटल्याशिवाय आत काही सोडत नाही,” अध्यक्ष म्हणाले आणि त्यांची नजर हळूच गेटकडे गेली. गेटवर आमचे वॉचमन मामा असतात. ‘पार्सल’ एवढा एक शब्द कानावर पडला की ते गेट उघडतात. शब्द कुणी उच्चारला हे बघायला मान वर करावी लागते, म्हणून ते बघत नाहीत. पण ऐकू त्यांना सगळं येतं. ते तिथूनच म्हणाले, “साहेब, मला पण ते पंचवीस किलोचं मशीन द्या बसवून. मग मी पण तपासून सोडतो.”

पत्रकाचं पहिलं पान सुरू होतं ‘५६ जीबीपीएस स्विचिंग क्षमता’ या ओळीने. अध्यक्षांना हा आकडा फार आवडला. त्यांनी तो जिन्यात भेटेल त्याला सांगितला. मी हिशेब केला. चोवीस भोकं साधी, चार फायबरची, एकूण अठ्ठावीस, प्रत्येकी एक गिगाबिट. मग छप्पन्न कसे? तर रिक्षावाला परतीचं भाडं धरतो तसं यांनी जाणं आणि येणं वेगवेगळं धरलं आहे. त्याखाली लिहिलं होतं, सेकंदाला ४ कोटी १६ लाख पॅकेट पुढे ढकलतो. आमच्या एका कॅमेऱ्याला ४ एमबीपीएस पुरतात. बावीस मिळून ८८. म्हणजे ५६ हजारांच्या ऐपतीच्या डब्यातून आम्ही ८८ नेणार होतो. हे मी अध्यक्षांना सांगितलं. ते म्हणाले, “असू दे, भविष्याचा विचार करावा माणसाने.”

पुढे ४०९४ व्हीलॅन. व्हीलॅन म्हणजे एकाच डब्याला जोडलेल्या मंडळींनी एकमेकांना दिसू नये, एकमेकांचं ऐकू येऊ नये अशी सोय. कॅमेऱ्यांचा एक, ऑफिसच्या संगणकाचा एक, इंटरकॉमचा एक, झालं काम. आमच्याकडे बी विंगच्या गच्चीची गळती निघाली त्या पावसाळ्यापासून ही सोय विनाखर्च सुरू आहे, त्यामुळे या ओळीवर चर्चा झाली नाही. ‘बिघाडाविना सरासरी पाच लाख तास’ या ओळीवर झाली. पाच लाख तास म्हणजे ५७ वर्षं. वॉरंटी तीन वर्षं. “मधली चोपन्न वर्षं कुणाची?” मी विचारलं. पोरगा म्हणाला, “सर, ते लॅबमधलं आहे.”

मला विचाराल तर त्या अख्ख्या पत्रकात प्रामाणिक ओळ एकच होती आणि ती मागच्या पानावर तक्त्यात, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात होती. पीओई पॉवर बजेट. सगळ्या भोकांना मिळून हा डबा एकूण किती वॅट देऊ शकतो, तो आकडा. एकाच कंपनीचे, एकाच आकाराचे, एकाच रंगाचे दोन डबे होते. दोघांनाही चोवीस भोकं. एकाचं बजेट १९५ वॅट, दुसऱ्याचं ३७०.

यामागे इतिहास आहे. पीओईचं पहिलं प्रमाण, ८०२.३एएफ, २००३ सालचं. त्यात एका भोकातून जास्तीत जास्त १५.४ वॅट. २००९ मध्ये ८०२.३एटी आलं, त्यात ३० वॅट. २०१८ मध्ये ८०२.३बीटी, तिथे मजल थेट ९० पर्यंत गेली. आता १५.४ ला चोवीसने गुणा, ३६९.६ येतात. म्हणजे ३७० हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही, चोवीसही भोकांना पोटभर मिळेल असा बेत आहे. आणि १९५ ला चोवीसने भागा, वाट्याला आठ वॅट येतात. एवढं सगळं मी खजिनदारांना समजावलं.

“भोकं किती?” त्यांनी विचारलं.

“दोन्हीला चोवीसच.”

“मग?”

“बजेट वेगळं आहे.”

“बजेट हे माझं खातं आहे,” ते शांतपणे म्हणाले. “तुम्ही भोकं बघा.”

मी अजून एक प्रयत्न केला. म्हटलं, १५.४ वॅट इथून निघतात खरे, पण शंभर मीटर केबलीच्या टोकाला १२.९५ चीच हमी असते. खजिनदारांच्या कपाळावर आठी पडली. “मधले अडीच वॅट कोण खातं?”

“तार खाते. गरम होते ना.”

“हे सभेत बोलू नका,” ते म्हणाले. “आधीच लोक संशय घेतात.”

तीन कोटेशनं आली. तिसरं नेहमीप्रमाणे पहिल्याच माणसाने दुसऱ्या लेटरहेडवर दिलं होतं. १९५ वॅटचा डबा मंजूर झाला. केबलही दोन प्रकारची होती, एक शुद्ध तांब्याची आणि एक आतून ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. मुलाम्याच्या तारेचा रोध जास्त, म्हणजे वाटेतली खादाडी जास्त. “वरून तांबंच दिसतंय ना?” खजिनदार म्हणाले. “आत कोण बघायला जातंय?” विजेला आतूनच जायचं असतं, हे इतिवृत्तात लिहायची माझी फार इच्छा होती.

डबा ठेवायचा कुठे, यावर वेगळं महाभारत झालं. मीटर रूममध्ये उष्णता, पंप रूममध्ये ओल. पत्रकात शून्य ते पन्नास अंश सेल्सियस आणि दहा ते नव्वद टक्के आर्द्रता, पण दव धरता कामा नये, असं लिहिलं होतं. आमच्या पंप रूममध्ये जुलैत भिंतींना शेवाळ धरतं. शेवटी सोसायटीच्या ऑफिसातच, जुन्या इतिवृत्तांच्या कपाटावर रॅक ठोकला. डब्याला आत पंखे आहेत आणि ते दिवसभर भुणभुणतात. अध्यक्ष दुपारी ‘कामकाज बघायला’ ऑफिसात येतात आणि खुर्चीत मान टाकतात. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “याचा आवाज बंद करायचं बटण कुठलं?”

उद्घाटनाला नारळ फोडला. पाणी डब्यापासून लांब उडेल याची काळजी मी स्वतः घेतली. टीव्हीवर बावीस चौकोन उमटले, प्रत्येकाने आपापली गाडी ओळखली, मामांनी स्वतःला टीव्हीवर बघून टोपी सरळ केली. पेढे झाले. संध्याकाळी सातच्या सुमाराला मामांचा फोन आला, “साहेब, सी विंग गेली.”

“लाइट गेली?”

“लाइट हाय. विंग गेली.”

खाली जाऊन बघितलं तर शेवटचे चार चौकोन काळे. सकाळी पावणेसातला आपोआप उजळले. पुन्हा संध्याकाळी गेले. पोरगा दिवसा यायचा, तेव्हा सगळं सुरळीत. तो म्हणायचा, “सर, आता तर चालू आहेत.” तो रात्री येत नसे आणि बिघाड दिवसा येत नसे.

कारण त्याच मुंगीच्या अक्षरांत होतं. आमचा कॅमेरा दिवसा सहा वॅट घेतो. अंधार पडला की त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि तोच साडेदहावर जातो. बावीस सख्खं १३२. बावीस साडेदाही २३१. १९५ ची हद्द या दोहोंच्या मध्ये आहे आणि सूर्य रोज तिथूनच मावळतो. वरचे ३६ वॅट कमी करायला चार कॅमेरे गेल्याशिवाय हिशेब जुळत नाही. सगळे सारख्याच मानाचे असतील, तर स्विच मोठ्या नंबरच्या भोकापासून वीज तोडत येतो. पोराने केबली ए, बी, सी या क्रमाने खोचल्या होत्या. बावीस, एकवीस, वीस, एकोणीस. चारही सी विंग. त्यात जास्वंद. म्हणजे कॅमेरे अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत बंद आणि फुलांचा चोर यायचा तो उजाडायच्या आत. वेळेचा इतका काटेकोर मेळ मी रेल्वेतही पाहिलेला नाही.

हे सगळं मी सी विंगला आकड्यांनिशी समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे हा ए विंगचा डाव आहे.” अध्यक्ष ए विंगचे.

पत्रकात यावर उपाय होता. प्रत्येक भोकाला दर्जा देता येतो, क्रिटिकल, हाय किंवा लो. वीज अपुरी पडली तर आधी लो जातात, मग हाय, क्रिटिकल सगळ्यात शेवटी. मी म्हटलं, चला, गेटचा आणि मागच्या कुंपणाचा क्रिटिकल करू, पार्किंगचे काही लो करू. हे वाक्य मी सभेत उच्चारलं आणि मग मला बोलायची संधी मिळाली नाही.

“माझी गाडी नवी आहे,” एक जण उठले.

“माझी जुनी आहे,” दुसरे म्हणाले. “नव्या गाडीचे पार्ट मिळतात तरी. माझ्या गाडीची कंपनी बंद पडली.”

“माझ्याकडे गाडी नाही,” तिसरे म्हणाले, “पण त्या जागेवर कोण लावतो ते मला बघायचं असतं.”

एका ज्येष्ठ सभासदांचा मुलगा न्यूजर्सीला असतो. आईवडील सुखरूप आहेत ना हे तो कॅमेऱ्यातून पार्किंगकडे बघून ठरवतो. आपल्याकडे संध्याकाळ होते तेव्हा तो नुकता ऑफिसात पोचलेला असतो. “तो बघायला जातो आणि चित्र गेलेलं,” वडील म्हणाले. “दिवसभर कामात लक्ष लागत नाही त्याचं. तिकडे मंदी आहे.” या युक्तिवादापुढे सभा हेलावली. कुणाला लो म्हणायचं? ‘लो’ हा शब्द इतिवृत्तात आपल्या फ्लॅट नंबरासमोर यावा असं कुणालाच वाटेना. दोन तासांनी ठराव झाला, बावीसच्या बावीस कॅमेरे क्रिटिकल. एकमताने. आमच्या सोसायटीच्या इतिहासात याआधी एकमत फक्त कचऱ्याची गाडी उशिरा येते यावर झालं होतं.

संध्याकाळी सात वाजता सी विंग गेली. सगळेच क्रिटिकल झाल्यावर डबा पुन्हा नंबरावर आला.

“आम्हाला एक नंबरचं भोक द्या,” सी विंग म्हणाली. दिलं. त्या रात्री बी विंग गेली. मग बी विंगने खालचे नंबर मागितले, मग ए विंग गेली आणि त्या दिवशी पहिल्यांदा अध्यक्षांना हा प्रश्न तांत्रिक वाटला. त्यांनीच पाळ्या सुचवल्या. पत्रकात ‘पीओई शेड्यूल’ ही सोय होतीच, कुठलं भोक किती ते किती बंद ठेवायचं ते आधी भरून ठेवता येतं. कुठल्या रात्री कुठली विंग अंधारात, याचं सुबक वेळापत्रक मी टाइप केलं, सहीशिक्क्यानिशी नोटीस बोर्डावर लावलं. बोर्ड गेटच्या बाहेरूनही वाचता येतो, हे सायकलची दुसरी सीट गेल्यावर मामांनी लक्षात आणून दिलं.

इतकं होऊनही डबा बिचारा सांगितलेलं करत होता. गंमत झाली ती वीज गेली त्या गुरुवारी. यूपीएस होता, पण त्याला आणखी काय काय जोडलं होतं हे तो रिकामा झाल्यावर कळलं. मामांचा मोबाइल, त्यांच्या पुतण्याचा मोबाइल, ऑफिसातलं पाणी शुद्ध करायचं यंत्र आणि गणपतीत आणलेली, तेव्हापासून न काढलेली दिव्यांची माळ. पंधरा मिनिटांत सगळं निवलं. वीज आली, डबा उठला आणि त्याला काहीही आठवेना. दर्जे गेले, पाळ्या गेल्या, व्हीलॅन गेले, पासवर्ड कारखान्यातला झाला. याचा आनंद फक्त अध्यक्षांना झाला, कारण त्यांना तेवढाच पाठ होता.

पोराला फोन लावला.

“सर, सेव्ह केलं नव्हतं?”

“सेटिंग तूच केलं होतंस ना?”

“केलं होतं सर. सेव्ह केलं नव्हतं.”

या स्विचांत तुम्ही जे बदलता ते लगेच लागू होतं, पण चालू स्मरणात राहतं. कायमचं हवं असेल तर कोपऱ्यात ‘सेव्ह’ नावाचं वेगळं बटण आहे, ते दाबावं लागतं. न दाबता वीज गेली तर मागचं पान कोरं. एवढ्या सभा, एवढे ठराव, माझ्या हस्ताक्षरात रजिस्टरभर इतिवृत्तं, डब्याच्या लेखी यातलं काहीच झालेलं नव्हतं. घड्याळही मागे गेलं होतं. नोंदवहीत पहिली ओळ, १ जानेवारी १९७०, भोक क्रमांक बावीस बंद. बऱ्याच संगणकी घड्याळांची मोजणी त्या तारखेपासून सुरू होते, म्हणून वेळ विसरलेलं यंत्र तिथे जाऊन उभं राहतं. खजिनदारांनी ती नोंद बारकाईने वाचली आणि म्हणाले, “तेव्हा सोसायटी रजिस्टर झालेली नव्हती. आपली जबाबदारी येत नाही.”

त्याच दिवशी बी विंगच्या, शिस्तीच्या भोक्त्या, निवृत्त मुख्याध्यापकांनी ऑफिसात डोकावलं. रॅकमधून एक केबल लोंबकळत होती. एक टोक डब्यात, दुसरं मोकळं. लोंबकळणारी वस्तू त्यांना सहन होत नाही. त्यांनी मोकळं टोक उचललं, आणि रिकामं भोक समोरच होतं, तिथे नीट खोचून ठेवलं. टक आवाज आला. समाधानाने घरी गेले.

एकाच केबलीची दोन्ही टोकं एकाच डब्यात गेली, की सगळ्यांसाठी सोडलेला निरोप एका भोकातून बाहेर पडून दुसऱ्यातून पुन्हा आत येतो आणि पुन्हा सगळ्यांना वाटला जातो. इथरनेटच्या निरोपाला आयुष्याची मर्यादा नसते, तो दमत नाही, मरत नाही, नुसता वाढत जातो. यावरचा उपाय रेडिया पर्लमन या बाईंनी १९८५ मध्ये शोधला, स्पॅनिंग ट्री नावाचा. स्विच आपापसांत बोलून गोल वाट ओळखतात आणि ती एका जागी बंद करतात. बाईंनी त्यावर कविताही केली होती. आमच्या डब्यात ही सोय आहे, कारखान्यातून बंद येते. पोराने ती चालू केली होती. सेव्ह केली नव्हती.

मी खाली पोचलो तेव्हा अध्यक्ष डब्यासमोर कौतुकाने उभे होते. चोवीसच्या चोवीस हिरवे दिवे एका तालात, डोळ्यांना त्रास होईल इतक्या वेगाने लुकलुकत होते. “बघा,” ते म्हणाले, “आज कसा जोरात चाललाय! छप्पन्नच्या छप्पन्न जीबीपीएस!” आणि खरं सांगायचं तर, बरोबर आकडा कितीही असो, त्या क्षमतेचा पुरेपूर वापर आमच्याकडे त्या एकाच संध्याकाळी झाला. टीव्ही पूर्ण काळा होता. इंटरकॉम बंद. ऑफिसचा संगणक ‘थांबा’ म्हणत थांबला होता. मुख्याध्यापकांनी खोचलेली वायर मी उपसली, तेव्हा सगळं आलं. त्यांचं अजून म्हणणं आहे, की त्यांनी व्यवस्था लावली आणि इतरांनी ती बिघडवली.

मागच्या गेटच्या कॅमेऱ्याची कथा थोडक्यात सांगतो. मुलाम्याची लांबलचक केबल आणि रात्रीची भूक, त्यामुळे तो मधूनच मान टाकायचा. पोराने पत्रकातली आणखी एक सोय लावली. स्विच दर थोड्या वेळाने कॅमेऱ्याला हाक मारतो, ‘ओ’ आली नाही तर वीज तोडून पुन्हा देतो, म्हणजे कॅमेरा ताजातवाना उठतो. पोराने हाक अर्ध्या मिनिटाला ठेवली. कॅमेऱ्याला उठून बसायला लागतं पूर्ण मिनिट. तेव्हा हा उठायच्या आत तो विचारणार, उठलास का? उत्तर नाही. आडवा हो. ही झटापट रात्रभर चालली. दुसऱ्या दिवशी मामांनी अहवाल दिला, “मागच्या गेटला रात्री कुणीतरी टॉर्च मारत होतं.”

आता परिस्थिती अशी आहे. स्पॅनिंग ट्री चालू आहे, सेव्हचं बटण मी स्वतः दाबलं आहे आणि रोज जाता येता पुन्हा दाबतो. ३७० वॅटचा डबा घ्यावा असा प्रस्ताव मी मांडला आहे. त्याला सगळ्यात कडक विरोध खजिनदारांचा आहे. त्यांच्या देवघरात रोज ताजी जास्वंद असते, असं काकू म्हणतात, पण कॅमेऱ्याचा पुरावा नसल्यामुळे मी ते लिहून घेतलेलं नाही. खजिनदारांनी पर्यायही दिला आहे. १९५ चाच आणखी एक डबा, सवलतीत. “बजेट ३९० होतं,” ते म्हणाले, “आणि भोकं अठ्ठेचाळीस!” अडचण अशी की हा हिशेब बरोबर आहे, त्यामुळे मला काय बोलावं ते सुचलेलं नाही.

म्हणून सर्व सभासदांना विनंती. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता विशेष सर्वसाधारण सभा आहे. विषय एकच, एक डबा की दोन. कोरम झाला नाही तर साडेदहाला त्याच जागी. आपल्या कॅमेऱ्याचा दर्जा बदलून हवा असल्यास अर्ज लेखी द्यावा, जिन्यात गाठून सांगू नये. पेढ्यांची अपेक्षा ठेवू नये. आणि ऑफिसात कुणी येणार असेल, तर रॅकमधली ती एक वायर लोंबकळताना दिसेल. ती लोंबकळायलाच ठेवली आहे. कृपया खोचू नये.